सोमवारी घसरणारी गाडी

पाद्रीबुवांची गाडी पहिल्यांदा मोएलांगीच्या अळूच्या मळ्यात घुसली तेव्हा लोतोउता गावाने वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्यांदा घुसली तेव्हा डुकराला दिला. ते डुक्कर चार दिवस आधीच पलीकडच्या गावी एका लग्नाच्या भट्टीत भाजून संपलं होतं, पण पाद्रीबुवांच्या गाडीपुढे डुकराची बाजू घ्यायला कोण जाणार? तिसऱ्यांदा घुसली तेव्हा वारा पडलेला होता आणि गावातली सगळी डुकरं कुंपणात होती. मग उरला ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे तोविया. साठी उलटलेला, अंगाने वाळक्या शेंगेसारखा, बोलायला त्याहून कमी. एकोणीस वर्षं तो पाद्रीबुवांना गावातून राजधानीत, आपियाला, आणि आपियातून गावात ने-आण करत होता. तरुणपणी तो पीत असे, आणि चांगलं पीत असे. मग बहीण वारली, तिची सहा वर्षांची पोर त्याच्या दारात आली, आणि त्या दिवसापासून त्याने बाटलीला हात लावला नाही. याला अठ्ठावीस वर्षं झाली. पण गावाची आठवण अशी असते की माणसाने सोडलेली दारू ती जपून ठेवते आणि गरज पडली की बाहेर काढते.

ती बाहेर काढली आपेरामोने. हा चर्चच्या कारभाऱ्यांतला सगळ्यात थोरला. त्याच्या जावयाला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, हा अर्थात निव्वळ योगायोग. येत्या रविवारी जेवणं झाल्यावर कारभारी बसणार होते. तोवियाने प्यायलेल्या अवस्थेत गाडी चालवली असं ठरलं, तर गाडी जाणार होतीच, शिवाय त्याला प्रभुभोजनातून काढणार होते. म्हणजे रविवारी पांढरा कोट घालून पुढच्या बाकावर बसणारा माणूस मागे, दाराशी, कुत्र्यांच्या जवळ बसणार.

आणि याला पुरावा काय? तर फुआतिनोचा शब्द. तीच ती सहा वर्षांची पोर. ती आता चौतीस वर्षांची होती, आठ वर्षं ऑकलंडच्या एका गॅरेजमध्ये काम करून परतली होती, आणि मामाच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये, नीरफणसाच्या सावलीत, स्वतःचं गॅरेज चालवत होती. तिन्ही वेळा गाडी तिच्याकडे आली होती. तिन्ही वेळा तिने ब्रेक, टायर, बेअरिंग, शॉकअप, सगळं तपासून प्रामाणिकपणे सांगितलं होतं की गाडीत काही दोष नाही. आपेरामो आता गावभर सांगत हिंडत होता, "पोरगी हुशार आहे. ती म्हणते गाडी ठीक आहे. मग बिघडलंय कोण?"

फुआतिनोला हे ऐकून स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. ज्याने आपल्याला वाढवलं त्याला आपल्याच शब्दाने फाशी, आणि शब्द तर खोटाही नव्हता. गुरुवारी तिने गाडी चौथ्यांदा मागवली.

गाडी आली ती नवरीसारखी. पाद्रीबुवांची वस्तू गॅरेजात उघडीवाघडी कशी पाठवायची? पाठवायच्या आधी चर्चच्या बाया ती धुवायच्या, आतलं सामान उतरवायच्या, सीटवर धुतलेली चटई घालायच्या आणि आरशाला जास्वंद अडकवायच्या. डिकीत साधा पाना सापडायचा नाही. फुआतिनोने जास्वंद काढून कानामागे खोचली आणि पांढरी वॅगन शेडमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली.

चारही चाकांची हवा सारखी. ब्रेक पॅड दोन्ही बाजूंना सारखे झिजलेले. चाकं हलवून पाहिली, खुळखुळ नाही. अलाइनमेंट ताणून बांधलेल्या दोरीने पाहिलं, बरोबर. मग तिने गाडी त्याच वळणावर नेली, मोएलांगीच्या अळूपाशी, जिथे रस्ता उतरतो आणि डावीकडे वळतो. वळणात शिरून ब्रेक दाबला. गाडी शहाण्या मुलीसारखी थांबली. पाच वेळा केलं, पाचही वेळा थांबली. अळूच्या कडेला बसून मोएलांगी हे सगळं बघत होती. ही बायकांच्या समितीची मुख्य, फुआतिनोची लांबची मावशी, मार्चमध्ये विधवा झालेली. देहाने एवढी की तिच्यासाठी बस दोनदा थांबते, एकदा ती चढावी म्हणून आणि एकदा बसने दम घ्यावा म्हणून.

"आज नाही यायची ती माझ्या अळूत," मोएलांगी म्हणाली. "आज गुरुवार आहे."

फुआतिनोने ते हसण्यावारी नेलं आणि परत निघाली. अर्ध्या वाटेत तिचं हसू गेलं. पहिल्यांदा घुसली तो सोमवार होता. दुसऱ्यांदा सोमवार. तिसऱ्यांदाही सोमवार. गाडीला वार कळायला ती काही कारभारी नव्हती. म्हणजे सोमवारी गाडीत काहीतरी वेगळं असणार.

शेडमध्ये मामा कोको पीत बसला होता. तिने त्याला समोर बसवून एकेक विचारलं. नुसता ब्रेक दाबला तर सरकते का? नाही. नुसतं वळलं तर? नाही. दोन्ही एकदम केलं तर? तर मागचा भाग बाहेर फेकला जातो, स्टेअरिंग हलकं लागतं, पुढची चाकं जमिनीवर नसल्यासारखी. जाताना की येताना? जाताना. येताना कधीच नाही? कधीच नाही. एवढं सांगून तोविया कपाच्या तळाकडे पाहू लागला.

"जाताना गाडीत काय असतं, मामा?"

"पाद्रीबुवा असतात," तोविया म्हणाला.

"आणि?"

"आणि मी असतो."

यापुढे त्याच्याकडून काही निघणार नाही हे तिला अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. ती पुन्हा गाडीखाली उतरली, आणि या वेळी झिजलेलं काय आहे हे न बघता घासलेलं काय आहे हे बघू लागली. मागच्या चाकावरच्या पत्र्याला आतून टायरने घासून चकाकी आणली होती. रिकामी गाडी जन्मात एवढी खाली बसत नाही. डिकीतला गालिचा बायांनी धुतला होता, पण स्टेपनी उचलून बघण्याचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. स्टेपनीखाली मासळीचा एक पत्र्याचा सीलबंद डबा होता.

आता हा डबा म्हणजे काय, हे लोतोउतातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गावात मयत झालं की घरचे पाद्रीबुवांना डब्यांची खोकी देतात. शेजाऱ्याने वीस दिली तर आपण एकवीस, नाहीतर मेलेला माणूस स्वर्गात तोंड कसं दाखवणार? मयत बहुधा शनिवारी. रविवारी खोकी पाद्रीबुवांच्या घरी. आणि सोमवारी सकाळी ती आपियाच्या एका दुकानात परत, जिथून पुढच्या मयताचं घर ती विकत आणतं. खोक्यांवर चटया घातलेल्या असत. तीनदा गाडी अळूतून काढताना सहा-सहा गडी लागले होते, आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले होते की एवढी जड का, तर पाद्रीबुवा आत बसलेत म्हणून. पाद्रीबुवा खरंच आत बसून राहिले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ सगळं गाव मिळून झाकत होतं.

पण नुसत्या वजनाने गाडी अशी फिरायची नाही, कुठेतरी काहीतरी तुटलेलं असणारच, हे फुआतिनोच्या डोक्यातून जाईना. वजन घालूनच ते दिसणार होतं. खोकी मागायची कुणाकडे? मग तिला मोएलांगी आठवली.

शुक्रवारी दुपारी मोएलांगी समितीतल्या तीन बायांना घेऊन आली. चौघी निवडक होत्या. फुआतिनोने दोघींना मागच्या सीटवर बसवलं आणि दोघींना डिकीत. मोएलांगी डिकीत बसली, कारण तिथून तिला तिचं अळू दिसणार होतं. वजन विचारायचं फुआतिनोच्या जिभेवर आलं होतं.

"वय विचार, कर्ज विचार, पहिल्या नवऱ्याचं विचार," मोएलांगी म्हणाली. "तेवढं सोडून काहीही विचार."

वळणात शिरून फुआतिनोने हळूच ब्रेक दाबला. मागून कुणीतरी धरून ओढल्यासारखी गाडीची शेपटी उजवीकडे गेली, पुढचं तोंड अळूकडे वळलं, बायांनी एका सुरात स्तोत्र धरलं, आणि गाडी अळूच्या कडेला दोन वीत अंतर ठेवून थांबली. फुआतिनोने स्टेअरिंगवर थाप मारली. मामा प्यायलेला नव्हता. आपला मामा प्यायलेला नव्हता, हे तिला आधीपासून ठाऊक होतं, पण आता ते हाताला लागलं होतं.

तिने बायांना उतरू दिलं नाही. गाडी तशीच खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरली. डाव्या मागच्या चाकाचा दांडा गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे रबराचा जाड बुश असतो. तो मधून फाटला होता. वजन पडलं की फट उघडायची आणि चाक जागचं सरकायचं. बाया उतरल्या की फट मिटून रबर पुन्हा साळसूद दिसायचं. तिने चौघींना तीनदा चढवलं आणि तीनदा उतरवलं. चौथ्यांदा मोएलांगीने सांगितलं की आता गाडीचं नाही, आमचंच रबर फाटेल.

संध्याकाळी तिने मामाला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"रबराचं सांग रविवारी," तो म्हणाला. "डब्यांचं नको."

"का नको? खोकी तू भरलीस, घसरली ती खोक्यांमुळे, आणि बदनामी तुझी. चोर सोडून संन्याशाला फाशी का?"

"तुझ्या आईला त्यांनी पुरलं. तू लहान होतीस, तुला आठवत नाही. पाऊस होता. कुणी थांबलं नाही, ते थांबले. रबराचं सांग, बाळा."

तिला राग आला, खूप आला. पण नवा बुश बसवताना तिने कबूल केलं की रबराचंच सांगेन.

रविवारी जेवणं झाली. पाद्रीबुवांच्या चारी बाजूंनी उघड्या घरात कारभारी आपापल्या मानाच्या खांबाला टेकून बसले. पाद्रीबुवा मधल्या खांबाशी, जेवणाने जड झालेले. तोविया कडेला, पांढऱ्या कोटात. फुआतिनो आणि मोएलांगी बायांच्या बाजूला, एक गाडी तपासली म्हणून आणि दुसरी अळू तिचं म्हणून.

फुआतिनोने फाटलेला बुश चटईवर ठेवला आणि सांगितलं की हा तुटला होता, म्हणून गाडी वळणात ब्रेक मारल्यावर फिरत होती, मामाचा दोष नाही. आधी तीनदा तो दिसला नाही ही चूक माझी. कारभाऱ्यांनी रबर एकमेकांकडे फिरवलं, वास घेतला, माना डोलावल्या. तिला वाटलं, सुटलो.

"पण मग," आपेरामो म्हणाला, "बुधवारी हीच गाडी माझ्या जावयाने चालवली. त्याच वळणात ब्रेक मारला. नाकासमोर गेली. रबराला काय ड्रायव्हर ओळखता येतो?"

फुआतिनोने मामाकडे पाहिलं. मामाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो उभा राहिला, कोटाचं बटण लावलं, आणि शांतपणे म्हणाला, "रबराचं सोडा. मी प्यायलो होतो. तिन्ही वेळा."

आपेरामोसुद्धा जरा गडबडला, कारण एवढं आयतं मिळेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. पाद्रीबुवा आपल्या गुडघ्यांकडे पाहत होते. जी गोष्ट तोवियाने फुआतिनोसाठी सोडली होती, तीच तो आता अंगावर घेत होता. सगळ्यांदेखत, तिच्यासमोर. तिने कबूल केलेलं सगळं त्या क्षणी मोडलं.

"मामा खोटं बोलतोय," ती म्हणाली, आणि पिशवीतून मासळीचा डबा काढून चटईवर, बरोबर मध्ये ठेवला. "हा स्टेपनीखाली होता. गाडी सोमवारी घसरते कारण सोमवारी ती भरलेली असते. बुधवारी रिकामी असते, म्हणून कुणाचाही जावई चालवू शकतो."

आपेरामो म्हणाला की डबा काय, कुणाचाही असेल. तेव्हा मोएलांगी बसल्या जागेवरून पुढे सरकली. तिला सरकायला वेळ लागला आणि तोवर सगळे थांबले. तिने डबा उचलला, उलटा केला आणि बुडाला रंगवलेली लाल फुली सगळ्यांना दाखवली.

"ही फुली माझी," ती म्हणाली. "मार्चमध्ये नवऱ्याच्या मयताला दिलेल्या प्रत्येक डब्यावर मी ती काढली होती. मे महिन्यात मी दिराच्या मयतासाठी आपियाहून खोकी आणली, तर डबे फुलीचे. मी म्हटलं, अगबाई, हे तर घरचेच. जुलैमध्ये पुन्हा आले. आता माझ्या नवऱ्यापेक्षा या मासळीने जास्त मयतं पाहिली आहेत. मी बोलले नाही. तुम्हीही कुणी बोलला नाहीत. पण तोविया प्यायला म्हणायला तुमच्या जिभा बऱ्या वळतात."

बाहेर कोंबडा ओरडला आणि कुणीतरी खाकरलं. मग पाद्रीबुवांनी मान वर केली.

"तोविया पीत नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदा गाडी घुसली तेव्हा वाऱ्याचं सांग असं मीच त्याला म्हणालो. डुकराचंही मीच सुचवलं. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. मासळी खाऊन खाऊन आता मांजर दिसलं तरी ओळखीचं वाटतं. आपेरामो, तू वडिलांच्या मयताला बावीस खोकी दिलीस, कारण शेजारी एकवीस होती. मी नको म्हटलं असतं, तर परत नेली असतीस?"

आपेरामो खांबाला आणखी टेकला. नेली नसती. गावातलं कुणीच नेलं नसतं. उलट पुढच्या वेळी तीस आणली असती.

"सांगायला हवं होतं मी," पाद्रीबुवा म्हणाले. "माणूस अळूत तीनदा गेला आणि मी गाडीत बसून राहिलो. लाज वाटते." मग ते चटईवरून उठले, जे त्यांना सोपं नव्हतं, आणि तोवियाच्या शेजारी, कडेच्या जागेवर जाऊन बसले. आता त्यांना तिथून उठून मध्ये या म्हणायचं कसं हे कुठल्याच कारभाऱ्याला माहीत नव्हतं, म्हणून सभा संपली.

घरी जाताना फुआतिनो मामाशी नीरफणसापर्यंत बोलली नाही. तिथे पोचल्यावर मात्र तिने तोंड सोडलं. अठ्ठावीस वर्षं ज्याचा तिला अभिमान होता ते एका वाक्यात उकिरड्यावर टाकायला लाज कशी वाटली नाही, आणि तेही खोट्यासाठी, आणि तेही मासळीसाठी.

तोवियाने सगळं ऐकून घेतलं. "अठ्ठावीस वर्षं प्यायलो नाही," तो म्हणाला. "म्हटलं, एवढं साठवलंय, एकदा तरी कुणाच्या कामी येऊ दे."

ती हसली, आणि हसताना रडायला लागली, आणि मामाने पांढऱ्या कोटाच्या बाहीने तिचं तोंड पुसलं. बाहीला ग्रीस लागलं. त्या डागासकट तो पुढच्या रविवारी पुढच्या बाकावर बसला.

लोतोउताची रीत काही बदलली नाही. तीन आठवड्यांनी आपेरामोची चुलती वारली आणि त्याने तेवीस खोकी दिली, कारण माणसाने चूक कबूल करावी, पण मागे हटू नये. फक्त आता फुआतिनोने मागच्या चाकावरच्या पत्र्यावर मोएलांगीच्या लाल रंगाने एक रेघ मारली होती. टायर रेघेपर्यंत आला की बस, एक खोकंही वर चढवायचं नाही. खोकी उघड्यावर, चटईविना. सोमवारी तीन फेऱ्या झाल्या.

तिसऱ्या फेरीला फुआतिनो वळणावर जाऊन उभी राहिली. मोएलांगी अळूत बसूनच होती. गाडी उतरणीला आली, पाद्रीबुवा पुढे, मागे जागा न मिळालेलं एक खोकं मांडीवर धरून. तोवियाने वळणात ब्रेक मारला. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग आली, गाडी रस्त्यावर राहिली, आणि तोवियाने एकदाच हॉर्न वाजवला.

"गेली," मोएलांगी म्हणाली, आणि खुरपं घेऊन चाकांनी मोडलेल्या ओळीत नवे कंद लावायला लागली.